एकशे चव्वेचाळीसचा पट्टा

"दोरी सोड रे शिदू. कॅटलॉगात सगळं छापलेलं असतं," निरगुडकर साहेब म्हणाले.

मी गुडघ्यावर बसून जुन्या बर्फगाडीच्या पट्ट्याभोवती सुतळी फिरवत होतो. सुतळीचं दुसरं टोक अंगरूपच्या हातात होतं. साहेब स्टुलावर बसले होते आणि मांडीवर त्यांनी गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक उघडलं होतं.

"छापलेलं असतंय साहेब, पण कशाची लांबी छापलीय ते बघाय नको का?" मी म्हणालो. "हा अख्ख्या वेढ्याचा आकडा हाय. त्यातला भुईला टेकतो तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर. आपल्याला टेकणाऱ्याशी काम."

दोन हजार दोन सालचा सप्टेंबर. हिमाचलातल्या एका अरुंद खोऱ्यात आमच्या कंपनीचं धरणाचं काम चाललं होतं. खाली मोठी छावणी, आणि तीन हजार फूट वर बोगद्याच्या तोंडाशी दुसरी, लहान. बोगद्यात पाणी झिरपायचं, त्यामुळं पंप बारा महिने चालू ठेवावे लागत. त्यासाठी हिवाळाभर चार माणसं वर राहायची. ऑक्टोबरअखेर वाट बुजली की त्यांची खाली यायची सोय एकच, बर्फगाडी. मोटरसायकलसारखं धड, पुढं चाकाऐवजी दोन घसरपट्ट्या आणि मागं रबराचा रुंद, अखंड पट्टा. पट्ट्याला बाहेरून रबराचे दात. इंजिन पट्टा फिरवतं, दात बर्फ धरतात, गाडी पुढं सरकते. जुनी गाडी आदल्या हिवाळ्यात निकामी झाली होती. नवी घ्यायची होती, आणि पट्टा किती लांबीचा, यावर तीन दिवस आमची घासाघीस चालली होती.

मी राधानगरीच्या वरच्या अंगाचा लोहार. कोल्हापुरात इंजिनं उघडत-जोडत हात बसला आणि या कंपनीत मेकॅनिक म्हणून लागलो. तेव्हा सेहेचाळिशीत होतो. साहेब पस्तिशीचे, पण मला अरे-तुरे करायचे. मला त्याचं काही वाटत नसे, निदान तेव्हा तरी.

"हे बघ," साहेबांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. "ही लाल गाडी. इंजिन जुन्याच्या दुप्पट. पट्टा एकशे एकवीस इंच. मनालीला मी स्वतः चालवलीय. अशी वळते, अशी! हातात खेळणं असल्यासारखी."

मी पानावर बोट ठेवलं. "आणि ही? एकशे चव्वेचाळीस."

"तुला वाचता येतं?"

"आकडे येतात साहेब. नट खोलायचे पाने आकड्यांचे असतात. दहा-अकरा, बारा-तेरा, असं बघून उचलायचं. अक्षरांचं काम कधी पडलं न्हाई."

साहेब हसले. अंगरूप मात्र हसला नाही. तो त्याच खोऱ्यातला. वर जायची वाट त्यानंच आखली होती आणि गाडी तोच हाकायचा. त्याचं-माझं बोलणं हिंदीत चाले. मला तो 'उस्ताद' म्हणायचा.

"साहेब," मी म्हणालो, "भाताची चिखलणी बघितलीय का कधी? नुसता माणूस वावरात उतरला तर गुडघ्याइतका रुततो. तोच माणूस फळीवर उभा केला अन् बैलांनी फळी ओढली, तर वरच्या वर तरंगत जातो. माणूस तोच, चिखल तोच. वजन किती जागेत पसरतंय त्यावर हाय सगळं."

"मी पुण्याचा आहे शिदू. चिखल मी बुटांवरच बघितलाय."

"मनालीला बर्फ रोज दाबून कडक करत्यात. तिथं आखूड पट्टा चालंल. आपल्या वाटेवर झाडीच्या वर थाळी हाय."

थाळी म्हणजे डोंगराच्या पोटातली दीड किलोमीटरची उघडी, खोलगट चढण. तिथं वारा बर्फ आणून ओततो. भुसभुशीत, कमरेइतका. ती चढल्याशिवाय वरची छावणी येत नाही.

"म्हणून तर मोठं इंजिन घेतोय."

"मोठ्या इंजिनानं खड्डा लवकर पडंल, दुसरं काय न्हाई."

आता अंगरूप हसला. साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं.

"मग असं कर. सगळ्यांत लांब घे. एकशे एकोणसाठ. ह्या मधल्यातच काय ठेवलंय तुझं?"

"ते पण नको. भोजपत्राच्या झाडीत तीन वळणं हाईत, एकदम अंगाशी येणारी. काल आम्ही दोघं बांबू घेऊन गेलतो. तेवढ्या लांब गाडीइतका बांबू धरला तर दुसऱ्या वळणाला बुंध्याला अडतोय. एकशे चव्वेचाळिसाच्या गाडीइतका धरला तर निघतोय, वीतभर जागा राखून. मागं घसरगाडी अन् त्यावर एक माणूस आडवा, असं धरून मोजलंय."

"आडवा कशाला?"

"आजारी माणूस बसून कसा येईल साहेब?"

साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग हात जोडून म्हणाले, "वकील आहेस तू. हरलो. एकशे चव्वेचाळीस तर एकशे चव्वेचाळीस."

मागणीपत्रावर ज्याला वस्तू हवी त्याची सही लागते, असा कंपनीचा नियम होता. दुसऱ्या दिवशी मी भटारखान्यापुढं बसून जेवत होतो. शेजारी पांडबा कुंभार होता. पांडबा माझ्याच गावचा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पंपावरचा माणूस. त्याला या कंपनीत मीच आणला होता. साहेब कागद आणि शाईचा डबा घेऊन तिथंच आले.

"उजवा राहू दे, डावाच दे अंगठा. जेव तू."

"किती लिवलंय साहेब?"

"आपलं ठरलं तेवढंच."

मी उजव्या हातातली चपाती तशीच धरून डावा अंगठा उमटवला. साहेब निघून गेले.

"शिदूदा," पांडबा म्हणाला, "वर मी आजारी पडलो तर ही नवीन गाडी न्यायला येणार व्हय?"

"येणार की."

"मग एकदा पडूनच बघतो. आयुष्यात मोटारीतनं कुणी न्यायला आलं न्हाई मला. लग्नात सुद्धा बैलगाडीच हुती. अनुसया अजून टोचून बोलती."

---

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी आली. खोऱ्यात यायचा घाट बर्फानं बंद होण्याच्या आदल्या दिवशी, लाकडी खोक्यात. पांडबा आणि बाकीचे तिघे महिन्यापूर्वीच वर गेले होते. खोकं फोडायला सगळी छावणी जमली होती. लालभडक गाडी बाहेर निघाली तशी पोरं शिट्ट्या मारायला लागली.

मी मागं जाऊन बघितलं आणि सुतळी काढायची गरजच उरली नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला आकडे होते. एक, दोन, एक.

"साहेब, हे आपलं ठरलं न्हवतं."

"काय ठरलं नव्हतं?"

"हा एकशे एकवीसचा हाय."

"अरे, डीलरकडं हीच शिल्लक होती. ती तुझी मागवायची तर जानेवारी उजाडला असता. आणि पंधरा डिसेंबरला डायरेक्टर येतायत हेलिकॉप्टरनं. त्यांना काय खेचरावरून फिरवू?"

"डायरेक्टर थाळी चढणार हाईत का?"

"शिदू, आवाज खाली."

"परत पाठवा साहेब. वर चार माणसं हाईत."

"घाट उद्या बंद होतोय. कुठं पाठवू? आणि इंजिन बघ की जरा. दुप्पट आहे, दुप्पट!"

पंधरा डिसेंबरला डायरेक्टर आले. हेलिपॅडच्या सपाट बर्फावर, जिथं रोज पोरं फावड्यानं दाबून-दाबून फरशी करत, तिथं साहेबांनी त्यांना मागं बसवून गोल गोल फिरवलं. आठचा आकडा काढला. बर्फाचा फवारा उडाला, टाळ्या झाल्या. डायरेक्टर उतरून म्हणाले, "व्हेरी नाइस." मी त्या गाडीला तेल घातलं, तिची काच पुसली. नोकरी होती ती माझी. पण त्या टाळ्या आजही आठवल्या की माझ्या कानशिलाची शीर उडते. वरच्या चार माणसांच्या जिवावर घेतलेल्या गाडीवर ही माणसं जत्रेतल्या घोड्यासारखी मिरवत होती.

मी आणि अंगरूपनं दोनदा थाळीच्या पायथ्याशी गाडी नेऊन बघितली. बर्फ कडक होता तेव्हा निम्म्यापर्यंत चढली. ताजा पडला तेव्हा पायथ्यालाच रुतली. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला चालवता येत नाही."

---

जानेवारीची एकोणीस तारीख. तीन दिवस बर्फ पडून त्या सकाळी थांबला होता. दहाच्या सुमारास वायरलेसवर वरच्या छावणीचा माणूस बोलला. पांडबाला चार दिवस ताप होता. रात्रीपासून श्वास लागलाय. ओठ निळे पडलेत. ऑक्सिजनची टाकी पहाटे संपली.

आमच्या कंपाउंडरनं दोन-चार गोष्टी विचारल्या आणि माइक खाली ठेवला. "छाती भरलीय. माझ्याकडं सुई आहे, ऑक्सिजन आहे, पण वर नाही. जितका लवकर खाली येईल तितका जगेल. आज. उद्या नाही."

हेलिकॉप्टर ढगांमुळं उडणार नव्हतं. साहेब शेडमध्ये आले. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी कबूल करतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जा. दुप्पट इंजिन आहे. तासाभरात वर पोचाल."

 वाद घालण्यात वेळ गेला असता. मागं घसरगाडी जोडली, एक ऑक्सिजनची टाकी बांधली, दोन फावडी, बर्फावर चालायची जाळीची पायताणं. साडेदहाला आम्ही निघालो. अंगरूप पुढं, मी मागं.

झाडीतनं गाडी सुरेख गेली. खोटं कशाला बोलू? तिन्ही वळणं तिनं अशी घेतली की दोन गाड्या शेजारी-शेजारी निघाल्या असत्या. कंबरेच्या वॉकी-टॉकीत साहेबांचा आवाज आला. "कुठं आलात?"

"तिसरं वळण संपलं."

"बघ! वीस मिनिटांत! सांगत होतो की नाही?"

पुढं झाडं संपली आणि थाळी लागली. पांढरी, सपाट दिसणारी. अंगरूपनं गाडी थांबवली, उतरला, एक पाय टाकला. कमरेपर्यंत गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"उस्ताद, उतरा. मी एकटा जोरात घेतो. निघाली तर निघाली."

त्यानं मागं जाऊन वेग घेतला आणि गाडी थाळीत घातली. तीस-चाळीस पावलं गेली. मग शेपूट बसलं, नाक वर आलं, पट्टा जागच्या जागी फिरायला लागला. त्या दुप्पट इंजिनानं दोन दमांत गाडीखाली एवढा खड्डा खणला की अंगरूपचं खांद्यावरचं डोकंच तेवढं बाहेर दिसत होतं. मोटेच्या विहिरीत बैल पडावा तसं ते लाल धूड आत बसलं.

आम्ही फावड्यानं उकरलं. पुढं बर्फ तुडवून वाट केली, गाडी बाहेर काढली. पुन्हा वेग. पुन्हा वीस पावलं, पुन्हा खड्डा. असं पाच वेळा. तास गेला. घामानं आतले कपडे भिजले आणि थांबलं की गोठायला लागले. मागं वळून बघितलं तर झाडी हाकेच्या अंतरावर होती.

वॉकी-टॉकी खरखरली. "गॅस दे त्याला सांग! अंगरूप घाबरतोय. फुल गॅस!"

"साहेब, खड्डा पडतोय."

"गॅस दे म्हणतोय ना मी! तिथं कुणाचं डोकं चालवायचं, तुझं का माझं?"

मी वॉकी-टॉकी बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या साहेबाचं बोलणं मी असं मधूनच तोडलं. 

"अंगरूप, चालत किती लागतील?"

"टाकी घेऊन? चार तास वर. न्यायला तीन."

"अन् वरचे तिघं त्याला घेऊन निघाले तर?"

"तर निम्म्यावर गाठ पडेल."

वॉकी-टॉकी पुन्हा चालू करून आम्ही वरच्यांना निघायला सांगितलं. त्यांनी छपराचा एक पत्रा काढला, टोक वर वळवलं, त्यावर अंथरुणासकट पांडबाला बांधलं आणि दोरांनी धरून सोडत-सोडत खाली निघाले. आम्ही गाडी तिथंच सोडली. अंगरूप पुढं वाट तुडवी, दमला की मी पुढं. टाकी आळीपाळीनं पाठीवर. शंभर पावलं मोजायची आणि थांबायचं. वर बघायचं नाही, कारण बघितलं की डोंगर तेवढाच दिसायचा.

अडीच वाजता गाठ पडली. मी धावलो, म्हणजे धावल्यासारखं केलं. पांडबाचा चेहरा मातीच्या भिजल्या गोळ्यासारखा झाला होता. मी नळी त्याच्या नाकाला लावली. हळूहळू डोळे उघडले.

"शिदूदा."

"बोलू नगंस."

"गाडी कुठाय?"

"खाली हाय. झाडीपाशी."

"नवीन?"

"व्हय."

त्यानं दोन-तीन श्वास जमवले. "मग वर का न्हाई आणलास?"

मी त्याच्या गळ्याशी गोधडी खोचत बसलो.  तो मात्र माझ्याकडंच बघत राहिला. रागानं नाही. एखाद्याला पत्ता विचारावा आणि उत्तराची वाट बघावी तसं.

सव्वाचारला, झाडी दोनशे पावलांवर असताना, अंगरूपनं हात वर केला. आम्ही थांबलो. टाकीतला काटा अजून शून्यावर आला नव्हता. पांडबाच संपला होता.

तिथून ती लाल गाडी दिसत होती, तिच्या खड्ड्यात, ढगांच्या फटीतनं आलेल्या उन्हात चमकत.

लांब पट्टा असता तर पांडबा वाचला असता असं मी छातीठोक सांगणार नाही. आजार आजार असतो. पण गाडी साडेअकराला वर पोचली असती, आणि साडेबाराला तो कंपाउंडरपुढं असता. एवढं मी कुणापुढंही शपथेवर सांगेन. ते पावणेचार तास त्याचे होते. ते कुणी घेतले, हा माझा प्रश्न होता.

---

फेब्रुवारीत कंपनीचा एक अधिकारी हेलिकॉप्टरनं चौकशीला आला. मला ऑफिसात बोलावलं. निरगुडकर साहेब शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"गाडीची मागणी तुमची?" अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं.

"व्हय."

"पट्ट्याची लांबी कुणी ठरवली?"

"मी ठरवली. मोजून-मापून ठरवली." मला वाटलं, आता विचारेल किती, आणि मी सांगेन. मग सगळं बाहेर येईल.

त्यानं ते लिहून घेतलं. "ठीक."

"पण साहेब, आली ती गाडी..."

"शिदू," निरगुडकर हळूच म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांग. बाकीचं कागदावर आहे."

कागदावर आहे म्हणजे एकशे चव्वेचाळीस आहे, असं मी समजलो. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो, साहेबावरच्या रागापेक्षा थोडा जास्तच. खाली पुन्हा अंगठा दिला.

मार्चअखेर घाट उघडला आणि मला कामावरून कमी केल्याचं तोंडी सांगण्यात आलं. कारण विचारलं तर हिशेबनीस खाली बघून म्हणाला, "वरून आलंय."

गावी पोचलो त्या दिवशीच पांडबाच्या घरी गेलो. कुंभारआळीत चाकं बंद होती, उन्हात मडकी वाळत होती. अनुसया ओसरीवर बसून मातीतले खडे वेचत होती. माझी सावली पडली तशी तिनं वर बघितलं. 'बसा' म्हणाली नाही. पाणी आणलं नाही. हात धुतले, आत गेली आणि कंपनीकडनं आलेला एक लिफाफा घेऊन आली.

"भाऊजी, तुम्ही येणार मला ठावं हुतं. मी वाट बघत हुते." तिनं एक कागद काढून माझ्यापुढं धरला. गाडीच्या मागणीपत्राची झेरॉक्स होती. "हा अंगठा तुमचा हाय का?"

मी बघितलं. अंगठ्याला आडवा व्रण आहे माझ्या, छिन्नी लागलेला. तो त्यात दिसत होता.

"माझाच हाय."

"हितं लिवलंय की मागणी तुमची. गाडी तुम्ही निवडली. चौकशीत तुम्ही तसं कबूल केलं, असं त्या दुसऱ्या पत्रात लिवलंय."

"निवडली ती मीच, पण एकशे चव्वेचाळीसची. अनुसया, त्यात बघ. असंल तिथं."

"न्हाई."

"बघ की नीट."

अनुसया सातवी शिकलेली. तिथल्या ऑफिसचे कागद हिंदीत असायचे. ती बोट फिरवत, अडखळत वाचायला लागली. एक जागी थांबली.

"पट्टे की लंबाई. एक सौ इक्कीस इंच."

"एक दोन एक?"

"एकशे एकवीस."

"दाखव कुठं हाय आकडा."

"आकडा न्हाई. अक्षरात लिवलंय."

मी कागद तिच्या हातातनं घेतला. तारीख आकड्यात होती. कागदाचा नंबर आकड्यात होता. किती गाड्या हव्यात, तर एक, तोही आकड्यात. इंजिनाचा आकार आकड्यात होता. मी एकेक ओळखत खाली आलो. सगळ्या कागदावर एक लांबी तेवढी अक्षरात लिहिलेली होती.

 साहेबाला माझं काय येतं आणि काय येत नाही, हे पक्कं ठाऊक होतं. अंगठा घ्यायच्या आदल्याच दिवशी त्यानं विचारून घेतलं होतं. तो विसरला नव्हता, चुकला नव्हता, डीलरकडं गाडी शिल्लक नव्हती असंही नव्हतं. त्यानं ते आधीच लिहून आणलं होतं आणि मी जेवत असताना, माझ्या डोळ्यांदेखत, त्यावर माझा अंगठा घेतला होता. आणि नंतर सगळा हिवाळा माझ्याशी वाद घातला होता.

मी तिला सगळं सांगितलं. सुतळी, बांबू, वळणं, पांडबाशेजारी जेवताना दिलेला अंगठा, थाळी. पाच खड्डे. पांडबानं काय विचारलं तेही सांगितलं. ती ऐकत होती, तिचा चेहरा हलला नाही.

"म्हंजे तुम्हाला बरूबर कळत हुतं," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"सगळ्या छावणीत एकट्या तुम्हाला कळत हुतं."

"मला अन् अंगरूपला."

"मग वाचता येत न्हाई तर अंगठा दिला कशाला?" ती एकदम ओरडली. आळीतली दोन माणसं थबकली. "कुणालातरी वाचून दाखव म्हणायचं! शेजारी हे बसले हुते न्हवं? ह्यांना वाचता येत हुतं! ह्यांच्या हातात दिला असता तर ह्यांनी वाचला असता!"

हे माझ्या मनात तोवर आलंच नव्हतं. पांडबा माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. चौथी शिकलेला. कागद त्याच्या नाकासमोरून गेला आणि मी तो त्याच्याकडं सरकवला नाही, कारण साहेबाच्या शब्दावर शंका घेणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं.

 मी वळलो आणि पायरी उतरलो.

"कुठं निघालासा?"

"जातो. तोंड दाखवायला जागा न्हाई."

"त्या साहेबाच्या नावानं अर्ज करायचाय मला. लेबर कोर्टात. जे आता सांगितलं ते सगळं लिवायचं. सुतळी, बांबू, सगळं."

"तू लिही. मी सांगतो. अंगठा देतो खाली."

"अंगठा?" तिनं तो कागद माझ्या तोंडापुढं धरला. "पुन्यांदा अंगठा? मी लिवणार न्हाई. तुम्ही लिवायचं, तुमच्या हातानं, अन् वाचून दाखवायचं मला. उद्यापासनं सकाळी येत जावा. पोरीची पाटी हाय."

"अनुसया, सेहेचाळीस वरसांचा झालो मी."

"हे एकेचाळीस वरसांचे हुते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो.